जावयाच्या पाठीतला धपाटा

लातूरच्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात लुंबिनी सोनकांबळेला सगळे मागून 'डिंकवाली' म्हणायचे. तोंडावर मॅडम, पाठ फिरली की डिंकवाली. तिला ते ठाऊक होतं आणि तिची हरकतही नव्हती, कारण ते खोटं नव्हतं. नांदेडला विद्यापीठात राहून तिनं पीएचडी केली ती डीएनए लायगेज नावाच्या एन्झाइमवर, आणि लायगेजचं काम एकच, तुटलेला डीएनए सांधणं. तिच्या आईनं, अहमदपूरच्या सरजाबाईनं, एकदा विचारलं होतं, "म्हंजे एवढं शिकून शिकून डिंकच का गं?" लुंबिनीनं "हाव, डिंकच" म्हणून सांगितलं. तिथून घरात हे नाव पडलं आणि नवऱ्यानं, आनंदराजनं, ते हॉस्पिटलच्या कॅंटीनपर्यंत पोचवलं. असली कामं नवरेच करतात.

हा डिंक मात्र साधा नसतो, आणि ते सांगितल्याशिवाय पुढं सरकता येत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएचे दोन धागे एकमेकांना पीळ घालून बसलेले असतात, आणि ते रोज तुटतात. उन्हानं तुटतात, पेशी वाढताना तुटतात, हातावर हात ठेवून बसलं तरी तुटतात. एकच धागा चिरला तर फार बिघडत नाही. शेजारचा धागा धरून ठेवतो आणि लायगेज येऊन चीर बुजवून जातो. दोन्ही धागे एकाच जागी तुटले की मात्र टोकं मोकळी सुटतात. मग एक बांगडीसारखं गोल प्रथिन आधी त्या टोकांवर जाऊन चढतं, टोकं जवळ धरतं, आणि मग येतो चौथ्या नंबरचा लायगेज. तो आला की चिकटवलं असं नसतं. येण्याआधी तो स्वतःला चार्ज करून घेतो. आल्यावर धाग्याभोवती मिठी मारतो, या टोकाला फॉस्फेट आहे का, त्या टोकाला त्याचा जोडीदार शाबूत आहे का, हे चाचपतो, आणि सगळं जागच्या जागी असलं तर टाका घालतो. हे डॉक्टरांनाही माहीत असतं. त्यांना ते रोज आठवावं लागत नाही आणि लुंबिनीला दुसरं काही आठवत नाही, एवढाच काय तो फरक.

त्या आठवड्यात तिच्या टेबलावर शिवांशची फाईल आली. देगलूरकडचं पोर, वय सहा, दिसायला चारचं. रक्ताचा कॅन्सर. नांदेडला औषधांची पहिली फेरी झाली होती, पण रोग डोक्यापर्यंत गेला होता म्हणून डोक्याला शेक द्यायला लातूरला पाठवलं होतं. शेक म्हणजे रेडिएशन. आमच्याकडं त्याला रेडिएशन कुणी म्हणत नाही.

लुंबिनीच्या लॅबकडं फक्त रक्त तपासायचं काम होतं. पण तिला फाईल पहिल्या पानापासून वाचायची खोड होती. नांदेडची औषधं पोराला फार जड गेली होती. तोंडाची साल निघाली होती, पांढऱ्या पेशी खाली गेल्या त्या वर यायलाच तयार नव्हत्या. त्याच्या आधीही सारखा कान फुटायचा, सारखा न्यूमोनिया. आणि डोक्याचं माप. माप बघून ती उठलीच, वॉर्डात जाऊन पोराला बघून आली. लहानसं डोकं, बारीक हनुवटी, आणि बोलायला असं चुरचुरीत की सिस्टरला विचारत होता, तुमची सुई रोज नवी असती की धुऊन वापरता.

ती तडक डॉ. येरमेंकडं गेली. शेकाचं मशीन त्यांच्या हाताखाली होतं.

"सर, डोकं लहान, आजार सारखे, औषधं सोसत नाहीत. ह्या मुलाचा चौथा लायगेज कमजोर असेल असं मला वाटतं. तसं असलं तर आपला नेहमीचा शेक त्याला सोसणार नाही. असा एक मुलगा शेकानंच गेल्याचं मी वाचलेलं आहे."

येरमे माणूस वाईट नव्हता. त्यानं फाईल पुन्हा उघडली. "गावाकडची पोरं बारीकच असतात, लुंबिनी. आणि औषधं कुणाला सोपी जातात? हा तुमचा आजार लाखांत एखाद्याला. आई आणि बाप दोघांकडून तोच बिघाड यावा लागतो, बरोबर?"

"बरोबर."

"मग हे बघा. नांदेडवाल्यांनी लिहिलंय, नात्यात लग्न नाही. आईचं माहेर उदगीरकडं, बाप देगलूरकडचा. आडनाव वेगळं, गाव वेगळं. रोग डोक्यात चढलाय, सोमवारी शेक सुरू करायचा आहे. नुसत्या शंकेवर मी थांबलो आणि पोर हातचं गेलं, तर ते कुणाच्या डोक्यावर?"

शेक दिला तर पोर शेकानं जाईल अशी तिला भीती, न दिला तर रोगानं जाईल अशी त्याला. दोघांचीही भीती खरी होती. "मी घरच्यांना पुन्हा विचारते," एवढंच ती म्हणाली.

घरचे तिघं आले होते. पोराची आई दीपमाला, ती पोराची खाट सोडायची नाही. बाप मल्लिनाथ, उसाला ठिबक केलेला शेतकरी, अंगानं धिप्पाड आणि तोंडानं मुका. आणि दीपमालाची आई दानम्मा. बोलण्याचं सगळं खातं दानम्माकडं. नातेवाइकांच्या शेडमध्ये तिनं स्टोव्ह मांडला होता आणि निम्म्या शेडचा चहा तीच करत होती.

लुंबिनी कागद-पेन घेऊन तिच्यासमोर बसली. बायकांना गोल, पुरुषांना चौकोन काढत तिनं कुळाचा तक्ता मांडला. दानम्मानं सगळं सांगितलं. आपलं सासर सांगितलं, नवरा गेल्याचं सांगितलं, दीपमालाला देगलूरकडं दिल्याचं सांगितलं. मल्लिनाथचे आईबाप कधीच वारले, हेही सांगितलं.

"मावशी, दीपमाला आणि मल्लिनाथ, ह्यांचं लग्न नात्यात झालंय का?"

दानम्मानं कानाच्या पाळीला हात लावला. "नात्यात? शिव शिव. आमच्यात तसलं काई न्हाई, बाई. आमी कूळ बघून सोयरीक करतो. भावकीत पोरगी द्यायला आमी काय जनावरं हाव?"

एवढं ठणकावून सांगितल्यावर पुढं काय विचारणार? लुंबिनीनं तक्ता घडी घालून ठेवला. दोन घरं, दोन कुळं, मधे एक लग्नाची रेघ. येरमेंचं खरं होतं. घरी जाऊन ती जेवली नाही, आणि आनंदराजनं 'डिंक वाळला का' म्हणून चिडवलं तेव्हा त्याच्यावर उगाच खेकसली.

शनिवारी दुपारी ती डबा घेऊन शेडच्या बाजूनं चालली होती. फाटकाबाहेर रसवंती आहे. मल्लिनाथ तिथून उसाच्या रसाचा ग्लास घेऊन, वरून हात झाकून, चोरासारखा वॉर्डाकडं निघाला होता. पोरानं मागितला असणार, आणि बापाचं काळीज. बाहेरचं काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलेलं. दानम्मानं ते पाहिलं. स्टोव्हपुढनं उठली, डोक्यावरचा पदर खांद्यावर पडला तो तसाच, आणि तिनं मल्लिनाथच्या पाठीत असा धपाटा घातला की ग्लासातला रस त्याच्या शर्टावर आला.

"मुडद्या, तुला कितींदा सांगायचं? लेकराला हगवण लावतो का?"

"मारू नको की, अक्का," एवढा मोठा गडी पाठ चोळत म्हणाला. दानम्मानं उरलेला ग्लास त्याच्या हातून हिसकला, स्वतः एक घोट घेतला, त्याला म्हणाली, "पी आता, पैसे घातलेस तर," आणि तोच ग्लास परत त्याच्या हातात दिला.

शेडमधल्या कुणाला काही वाटलं नाही. लुंबिनी मात्र डबा हातात धरून तिथंच थांबली.

आता विचार करा. आमच्याकडं जावई म्हणजे दहावा ग्रह. जावई दारात आला की सासू पदर सावरते, आवाज खाली येतो, खुर्ची पुसली जाते. घरात दूध नसलं तरी त्याच्या चहात असतं. रागच आला तर सासू मुलीला बोलते, जावयाला ऐकू जाईल अशा बेतानं. जावयाच्या पाठीत धपाटा आणि वर त्याच्याच ग्लासातला उष्टा रस? असं लुंबिनीनं सगळ्या आयुष्यात एकाच घरात पाहिलं होतं, आणि ते घर तिचं स्वतःचं होतं. सरजाबाई आनंदराजला उठता-बसता शिव्या देते, त्याच्या ताटातली भाकरी उचलून खाते. कारण आनंदराज तिचा जावई नंतर झाला. आधी तो तिचा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा, तिच्याच मांडीवर लहानाचा मोठा झालेला.

'अक्का' गावाकडं भाजीवालीलाही म्हणतात, म्हणून त्याकडं तिचं लक्ष गेलं नव्हतं. धपाटा मात्र कुणी भाजीवालीकडून खात नाही.

ती जाऊन दानम्माच्या स्टोव्हपाशी खाली बसली. या वेळी कागद काढला नाही, नात्याचं नावही घेतलं नाही.

"मावशी, मल्लिनाथ लहान असताना त्याला कडेवर कोण घेत होतं?"

"मीच की," दानम्मा सहज म्हणाली. "माय मेली तवा ह्यो रांगत हुता. मी चौदाची आसंन. माझं लगीन झालं तवा ह्याला पाठंगुळी घेऊनच सासरी गेले. सासू लई बोलली, पर मी सोडला न्हाई. माझा भाऊ हाय त्यो."

"सख्खा?"

"एका मायचा, एका बापाचा."

"आणि दीपमाला तुमच्या पोटची."

"हाव. तिला सासू नगं म्हून माझ्या भावालाच दिली. माझ्या हाताखालचं पोरगं, दारू न्हाई, तंबाखू न्हाई. मामाला भाची देतातच की. त्यो त्याचा हक्कच अस्तो."

लुंबिनीला एकदम रडू आल्यासारखं झालं आणि हसूही. "मावशी, मग परवा मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी नात्याचं इचारलं," दानम्मा चक्रावून म्हणाली. "मामा का भावकीत येतो? त्याचं कूळ येगळं, पोरीचं कूळ तिच्या बापाचं. ह्यात नात्यात लगीन कुठून आलं?"

ती खोटं बोलली नव्हती. नांदेडलाही बोलली नसणार. तिच्या हिशोबानं लग्न चोख परक्या कुळात झालं होतं, आणि हा हिशोब लुंबिनीला चांगला ठाऊक होता. तिची मुलगी महामाया पोटात असताना डॉक्टरीणबाईंनी हाच प्रश्न विचारला होता, आणि पीएचडीवाल्या बाईनं बिनदिक्कत 'नाही' म्हणून सांगितलं होतं. मामाचा मुलगा-आत्याची मुलगी हे नातं आहे, हे तिला घराच्या जिन्यात आठवलं. तिनं ते दानम्माला सांगितलं. दानम्मा म्हणाली, "मग तुमचं बी आमच्यासारखंच म्हना की," आणि तिला चहा ओतला.

चहा पिता पिता लुंबिनीनं मल्लिनाथला बोलावलं. "ठिबकची नळी उंदरानं कुरतडली तर काय करता?"

"जॉइनर टाकतो, मॅडम."

"अंगात तशाच नळ्या असतात. रोज तुटतात, आणि अंग आपलं आपण जॉइनर टाकून घेतं. शिवांशच्या अंगातला जॉइनर कच्चा असावा असं मला वाटतं. औषधं त्याला म्हणूनच जड गेली."

"आन् शेक?"

"शेक म्हणजे आपण मुद्दाम नळ्या कापायच्या. रोगाच्या पेशी मराव्यात म्हणून. इतर पोरांचं चांगलं अंग कापलेलं जोडून घेतं आणि उभं राहतं."

मुका माणूस, पण डोकं चालत होतं. "आन् ह्याचं जोडणारच न्हाई," तो म्हणाला.

येरमेंना तिनं धपाट्यासकट सगळं सांगितलं. धपाट्याला ते हसले नाहीत. सख्खा मामा आणि भाची म्हटल्यावर लाखातला आजार लाखातला राहत नाही, हे त्यांना सांगावं लागलं नाही. "बुधवार," ते म्हणाले. "बुधवारी मला हातात कागद पाहिजे. त्याच्या पुढं मी रोगाला थांबवू शकत नाही."

चौथ्या लायगेजचा जनुक सोयीचा असतो, त्याचा कामाचा सगळा मजकूर सलग एका तुकड्यात सापडतो. पोराचं रक्त तिच्याकडं होतंच. आईबापाचं आणि दानम्माचंही घेतलं. त्याच संध्याकाळी तिनं तो तुकडा वाचता येईल इतका वाढवून काढला, आणि रविवारी बर्फाच्या डब्यात नळ्या घालून नांदेडची एसटी धरली. डीएनएची अक्षरं वाचायचं मशीन विद्यापीठात तिच्या जुन्या गाईडकडं होतं. अहमदपूरच्या स्टॅंडवर सरजाबाई भाकरी घेऊन उभी होती. बस दोन मिनिटं थांबली तेवढ्यात तिनं खिडकीतून डबा दिला आणि बर्फाच्या डब्याकडं बोट करून विचारलं, "त्यात काय, डिंक का?" लुंबिनी म्हणाली, "डिंक हाय का न्हाई तेच बघायला चालले."

गाईडनं रविवारी लॅब उघडली, तोंड वाकडं करून का होईना. मंगळवारी अक्षरं आली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. मल्लिनाथच्या एका प्रतीत एक अक्षर बदललेलं, दुसरी चांगली. दीपमालाचं तेच, दानम्माचं तेच. शिवांशच्या दोन्ही प्रतींत तेच एक अक्षर बदललेलं. ज्या जागी लायगेज स्वतःला चार्ज करतो, नेमक्या तिथलं. त्याचा लायगेज तुटक्या टोकांपर्यंत पोचत असेल, मिठीही मारत असेल, पण टाका घालायला त्याच्यात बळच नव्हतं. लुंबिनीनं तिथूनच येरमेंना फोन केला. येरमे म्हणाले, "कालच मी त्याला मशीनखाली झोपवलं असतं," आणि फोन ठेवला.

शेक रद्द झाला. औषधं बदलली, मोजून-मापून, कमी ताकदीची. पण त्यानं भागणार नव्हतं. हैदराबादला नेऊन पोराच्या हाडातला मगज, म्हणजे बोन मॅरो, बदलावा लागणार होता, आणि त्यासाठी जुळणारा माणूस हवा होता.

लुंबिनी हे समजावून सांगत असताना दानम्मानं एकच प्रश्न विचारला. "बाई, ह्ये माझ्या घरातून आलं का?"

नाही म्हणावं असं लुंबिनीला फार वाटलं. "तुमच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलं, मावशी. अर्धं तुमच्यात, अर्धं मल्लिनाथमध्ये. अर्ध्यानं कुणाला काही होत नाही. तुमच्यातलं दीपमालात गेलं, आणि दोन्हीकडचं शिवांशला आलं."

"सोयरीक मीच जोडली."

"हाव. तुम्हीच जोडली. पण तुम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं."

दानम्मा उठली आणि स्टोव्ह विझवून बसली. त्यानंतर काही दिवस शेडला चहा मिळाला नाही. एका सकाळी मल्लिनाथ लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. "मॅडम, अक्का माझ्याशी बोलंना झालीय. मी काल मुद्दाम तिच्यासमोर रस पेलो, तरी मारलं न्हाई." आणि तो धिप्पाड गडी तिथंच डोळे पुसायला लागला. लुंबिनीनं त्याला स्टुलावर बसवलं.

मगजाची जुळणी सगळ्यांची तपासली होती. आई निम्मी जुळली, बाप निम्मा जुळला. चुलत-मावस कुणीच नाही. दानम्मा पूर्ण जुळली. आजी नातवाला अशी सहसा जुळत नाही. पण ती नुसती आजी कुठं होती? एकच रक्त दोन वाटांनी त्या पोरात उतरलं होतं आणि दोन्ही वाटा तिच्या माहेरच्या उंबऱ्यातून निघाल्या होत्या. तिच्यातला अर्धा बिघाड आड येणार नव्हता, तिची दुसरी प्रत धडधाकट होती. लुंबिनीनं हे सांगितलं तेव्हा दानम्मानं पुन्हा पुन्हा विचारून घेतलं, आणि मग म्हणाली, "मग कवा काढता? आजच काढा की."

हैदराबादला जायच्या सकाळी कागद तयार करायला सिस्टर शेडमध्ये आली. दानम्मा, मल्लिनाथ आणि लुंबिनी, तिघंही तिथंच होते.

"देणाऱ्याचं नाव?"

"दानम्मा."

"पेशंटशी नातं?"

दानम्मा तोंड उघडणार तेवढ्यात मल्लिनाथ आजूबाजूच्या लोकांकडं बघत हळूच म्हणाला, "आज्जी म्हून सांग, अक्का. एवढंच बास."

त्याच्या पाठीत धपाटा बसला. शेडमधली माणसं वळून बघायला लागली.

"आज्जी लिवा," दानम्मा सिस्टरला म्हणाली, "आन् आत्या बी लिवा. दोनी लिवा, बाई. एक न्हाई सांगितलं तर लेकरू हातचं जात हुतं."

सिस्टरनं लुंबिनीकडं पाहिलं. लुंबिनीनं मान डोलावली, आणि सिस्टरनं दोन्ही लिहिलं. मल्लिनाथ पाठ चोळत पिशव्या उचलायला गेला.